बद्द

करिअर कक्षातल्या बाईंनी स्टॉपवॉच लावलं.
तीस सेकंद. सांगा, तुम्ही कोण.
आम्ही अकरा जण, एमएस्सीचं शेवटचं वर्ष,
रीगातला तिसरा मजला, हीटरवर वाळत घातलेले हातमोजे.
राइमोंड्स उठला आणि सत्तावीस सेकंदांत संपला.
मी बाराव्यालाच अडले:
मी पुलांची...
पुलांची कोण?
पुलांना विचारलं नव्हतं कधी.

मग बाईंनी अर्जातली क्रियापदं बदलली.
'मदत केली' खोडून 'नेतृत्व केलं',
'बघितलं'च्या जागी 'विश्लेषण केलं'.
हिरव्या पेनने, मायेने,
थंडीत निघालेल्या पोराची बटणं लावावीत तशी.
खोलीवर येऊन मी तो कागद मोठ्याने वाचला.
भिंतीपलीकडून झानेतेने विचारलं,
कोण आलंय गं?

आई व्हेंट्सपिल्सला, मासळीच्या कारखान्यात.
एकोणिसाव्या वर्षी तिला एप्रन मिळाला,
खिशावर आडनाव शिवलेला, आणि झालं.
फोनवर मागून शेजारीण विचारते, लेक काय करते?
आई म्हणते, शिकतेय अजून.
त्या 'अजून'मध्ये एक खुर्ची आहे,
पाच वर्षं बसलेय मी तिच्यावर
कोट न काढता.

मार्चअखेर तालिवाल्दिसच्या हाताखाली गेले.
साठीपुढचा, मोजकं बोलणारा; थर्मासमध्ये बीटचं सूप.
त्याने ओळख विचारली नाही.
अर्ध्या किलोची हातोडी दिली, आणि खडू.
ओग्रे नदीवरचा जुना पूल, त्याच्या पोटाखाली मचाण,
त्याखाली बर्फाचे तुकडे एकमेकांना ढुशा देत चाललेले.
ठोक, म्हणाला. ऐक.

टण्.
टण्.
दुपारपर्यंत नुसतं टण्.
मान अवघडली, पापण्यांवर सिमेंटची पूड,
जेवणात काय असेल हा विचार
आणि तिसऱ्या गाळ्यात

बद्द.

आई राईचा पाव उलटा धरून तळाशी बोट वाजवते,
पोकळ वाजला की भाजला.
इथे पोकळ म्हणजे आत गंज फुगलेला,
काँक्रीटने सळईचा हात सोडलेला.
पुन्हा ठोकलं. बद्द. वीतभर पलीकडे, बद्द.
खडूने कड आखत गेले, कड काही मिळेना,
माझ्या कवेत मावणार नाही एवढं बेट झालं.

तालिवाल्दिसने कान लावला.
मग कानातलं यंत्र काढलं, बाहीला पुसलं, परत घातलं.
माझ्या कानांना आता सगळंच बद्द, म्हणाला. तू सांग.
मला वाटतं की...
वाटतं असा रकाना नाहीये.

फॉर्मवर खरंच नव्हता.
होता तो: तपासणाऱ्याचं नाव.
थंडीने पेन चालेना, मी नाव दोनदा गिरवलं,
पहिल्यांदा नुसताच ओरखडा, बिनशाईचा.
खाली त्याने आपली सही केली, माझ्याहून लहान अक्षरात.

परवा तिथे भोक पाडून बघणार आहेत.
आत काय निघेल मला माहीत नाही.
रात्री दोनदा वाटलं, फोन करून सांगावं,
चुकलं असेल माझं, ओल असेल, वारा असेल.

तोवर एक बाजू बंद, नारिंगी शंकू लावलेले,
माणसं कमी म्हणून फलक धरून मीच उभी.
कोबीने भरलेला ट्रक थांबला, काच खाली आली.
कुणी बंद केला हा रस्ता?

मी, म्हटलं.

एक सेकंदही लागला नाही.
त्याने मला बुटांपासून हेल्मेटपर्यंत बघितलं.
आता विचारेल, तू कोण,
म्हणून मी घशात काही जुळवू लागले,
पण फलक हिरवा करायची वेळ झाली होती
आणि फलक माझ्याच हातात.
कोबी पुढे गेले, सावकाश, तिसऱ्या गाळ्यावरून.
मी तळव्यांनी ऐकत राहिले.